पिंजऱ्यात आधी स्वतः उभे राहणारे श्रीनिवासन

निवडणूक हरल्यानंतरची पक्षाची बैठक. कार्यकर्ते चेहरे पाडून बसलेत आणि पक्षाचे विचारवंत नेते कुमार पिळ्ळै पराभवाचं तात्त्विक विश्लेषण करतायत. प्रतिगामी शक्ती, भांडवलदार, त्यांच्यातली सक्रिय 'अंतर्धारा', असे जडजंबाल शब्द एकावर एक कोसळतायत. शेवटी एका साध्या कार्यकर्त्याला राहवत नाही. तो विचारतो, की आपण का हरलो ते जरा सोप्या भाषेत सांगता येईल का? लोकांनी मतं दिली नाहीत म्हणून हरलो, एवढंच ना? त्याचा प्रश्न कुणालाच रुचत नाही.

हा प्रसंग 'संदेशम' या १९९१ च्या मल्याळम चित्रपटातला. दिग्दर्शन सत्यन अंतिक्काड यांचं, पटकथा लेखक-नट श्रीनिवासन यांची. केरळात आजही निकालानंतरच्या चर्चेत कुणी गंभीर चेहऱ्यानं 'अंतर्धारा' म्हणालं की ऐकणाऱ्यांना हसू फुटतं. माझी आणि या चित्रपटाची गाठ पडली ती त्रिशूरच्या एका सहकाऱ्यामुळे. ठाण्याच्या ऑफिसात चहाच्या वेळी वाद तापला की तो हात वर करायचा आणि म्हणायचा, 'पोलंडबद्दल एक अक्षर बोलायचं नाही!' पहिल्यांदा आम्हाला काही कळलं नाही. मग त्यानं समजावून सांगितलं. सिनेमात दोन सख्खे भाऊ दोन विरोधी पक्षांत आहेत. थोरला प्रभाकरन डाव्या पक्षाचा, धाकटा प्रकाशन त्याच्या विरोधातल्या पक्षाचा. धाकटा पोलंड-हंगेरीत काय घडलं त्याचा टोमणा मारतो. तेव्हा पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट राजवटी नुकत्याच कोसळल्या होत्या. थोरल्याकडे उत्तर नसतं, म्हणून तो विषयच बंद करून टाकतो. ते वाक्य मल्याळम बोलीत म्हणीसारखं रुळलं.

त्या थोरल्या भावाची, म्हणजे सगळ्यात जास्त हसं होणाऱ्या माणसाची भूमिका केली होती खुद्द पटकथाकारानं. श्रीनिवासन यांचे वडील कम्युनिस्ट विचारांचे शिक्षक. म्हणजे ज्या घरात लहानाचे मोठे झाले त्याच घराची भाषा, तेच आवेश, तेच हातवारे त्यांनी अंगावर चढवले आणि लोकांपुढे उभे राहिले.

आपल्याकडे विनोदावरून वाद पेटला की चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एक बाजू म्हणते भावना दुखावल्या, गुन्हा दाखल करा. दुसरी म्हणते अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे, काहीही बोलू द्या. कायद्याच्या बाबतीत मी दुसऱ्या बाजूचा आहे, विनोदासाठी कुणालाही पोलीस चौकीची पायरी चढायला लागू नये. पण कायदा संपला की प्रश्न संपत नाही. हसणारा माणूस ज्या चित्रावर हसतोय त्या चित्रात तो स्वतः कुठे उभा आहे, हे आपण क्वचितच विचारतो. समाजावर टीका करण्याचा नैतिक हक्क आरोपीच्या पिंजऱ्यात आधी स्वतः उभं राहून कमवावा लागतो, असं मला वाटतं. श्रीनिवासन यांनी तो जन्मभर कमावला. आणि जिथे ते पिंजऱ्यातून बाहेर येऊन न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले, तिथे त्यांचं लेखनही घसरलं. या दोन्ही गोष्टी सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल बोलणं मला अर्धवट वाटतं.

६ एप्रिल १९५६ चा त्यांचा जन्म, कण्णूर जिल्ह्यातल्या कूत्तुपरंबाजवळच्या पाट्यम गावचा. हा मुलूख राजकारणाच्या बाबतीत केरळातला सर्वांत तापलेला. इथे पक्ष ही मतदानापुरती गोष्ट नव्हे, घराणं असावं तसा पक्ष असतो. राजकीय हत्यांसाठी कण्णूरचं नाव देशभर झालं ते उगाच नाही. १९९४ मध्ये याच कूत्तुपरंबात पोलिसांच्या गोळीबारात डाव्या युवक संघटनेचे पाच कार्यकर्ते गेले. 'संदेशम'मध्ये एका मृतदेहावर दोन्ही पक्ष हक्क सांगतात, आमचा हुतात्मा, आमचा हुतात्मा म्हणून ओढाताण करतात. मुंबई-पुण्यात बसून पाहिलं तर ते फार्स वाटतं. कण्णूरच्या माणसाला ते कसं वाटलं असेल याचा विचार केला की हसू घशात अडकतं.

मट्टन्नूरच्या कॉलेजातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन श्रीनिवासन मद्रासला अभिनय शिकायला गेले. रजनीकांत, म्हणजे आपले शिवाजीराव गायकवाड, ज्या संस्थेत शिकले तीच ही संस्था. १९७६ साली पी. ए. बॅकर यांच्या 'मणिमुळक्कम'मधून ते पडद्यावर आले. पण सावळा रंग, बेताची उंची. नायक म्हणून त्यांच्याकडे कोण बघणार? सुरुवातीच्या काळात त्यांनी पुढे सुपरस्टार झालेल्या मम्मूटींना आवाज दिला. चेहरा दुसऱ्याचा, आवाज यांचा. १९८४ पासून दिग्दर्शक प्रियदर्शन यांच्यासाठी लिहायला लागले, आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. लेखणी हातात आल्यावर या माणसानं स्वतःसाठी देखण्या, कर्तबगार नायकाची भूमिका लिहिली नाही. ती मोहनलालला दिली, मम्मूटींना दिली. स्वतःसाठी राखून ठेवला तो चित्रातला सगळ्यात हलका माणूस. मत्सरी, भित्रा, बढाईखोर, वेळप्रसंगी मित्राला तोंडघशी पाडणारा.

लग्नाचा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा जाहीर भाषणांत सांगितला आहे. हातात पैसा नव्हता. नट इनोसेंट यांनी बायकोच्या बांगड्या विकून आलेले ४०० रुपये दिले. ताळीसाठी, म्हणजे आपल्याकडच्या मंगळसूत्रासाठी, मम्मूटींनी २,००० रुपये दिले. एका ख्रिश्चनाच्या आणि एका मुसलमानाच्या पैशानं एका हिंदूचं लग्न लागलं, हे सांगताना सभागृहात टाळ्या पडत. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नावारूपाला आलेल्या माणसाला आपण कुणाकुणाचे किती रुपये घेतले होते ते आकड्यानिशी चारचौघांत सांगावंसं वाटणं. आपल्या गरिबीच्या दिवसांची गोष्ट लोक सांगतात, पण त्यात बहुतेकदा स्वतःचा संघर्षच मोठा दिसतो. इथे मोठा दिसतो तो देणारा.

'नाडोडिक्काट्टु' हा १९८७ चा चित्रपट मी किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. कथा सिद्दीक-लाल यांची, पटकथा श्रीनिवासन यांची. दासन आणि विजयन हे दोन बेकार तरुण. दासन, म्हणजे मोहनलाल, प्रथम श्रेणीतला बी.कॉम. विजयन, म्हणजे श्रीनिवासन, शिक्षणात त्याच्यापेक्षा कमी, आणि दासन ते त्याला घडोघडी ऐकवणार. नोकरी जाते, कर्ज काढून घेतलेल्या गायी जातात. मग गफूर नावाचा एजंट, मामुक्कोया यांची अविस्मरणीय भूमिका, उरलेले पैसे घेऊन त्यांना दुबईला नेतो म्हणून गलबतात बसवतो. अंधारात किनारा दिसला की पोहत जायचं, वर पोचल्यावर अरबी कपडे घालायचे आणि कुणी भेटलं तर सलाम करायचा, एवढ्या सूचना. हे दोघं ओले चिंब होऊन वाळूत येतात, पांढरे झगे चढवतात, डोक्याला कापड बांधतात आणि रस्त्यावर येऊन पाहतात तर पाट्या तमिळमध्ये! दुबई नव्हे, मद्रास.

त्या क्षणी दोघांच्या चेहऱ्याकडे नीट बघा. दासन गोंधळलेला आहे, पण विजयनच्या चेहऱ्यावर शरम आहे. आपण मूर्ख बनलो, आणि आपण मूर्ख बनलो हे आता जगाला दिसतंय, ही शरम. ऐंशीच्या दशकातलं केरळ हातात पदवी घेऊन रांगेत उभं होतं आणि अर्ध्या राज्याचे डोळे आखाताकडे लागले होते. आखाताचं स्वप्न विकणाऱ्या एजंटांनी किती घरं बुडवली हे तिथे कुणालाही सांगायला लागत नव्हतं. अशा वेळी फसवणाऱ्यावर सिनेमा काढणं सोपं होतं. श्रीनिवासन यांनी फसलेल्यांवर काढला, आणि त्या फसलेल्यांत सगळ्यात केविलवाणा माणूस आपण स्वतः झाले. म्हणून थिएटरात बसलेल्या खऱ्याखुऱ्या फसलेल्या माणसालाही त्यात अपमान वाटला नाही.

यातलं टोक म्हणजे १९८९ चा 'वडक्कुनोक्कियंत्रम'. लेखन, दिग्दर्शन, मुख्य भूमिका, तिन्ही त्यांचं. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा केरळ राज्य पुरस्कार त्याला मिळाला. नावाचा अर्थ होकायंत्र. सुई कशीही फिरवा, ती उत्तरेकडेच वळणार. तळत्तिल दिनेशनचं मन तसंच. छापखाना चालवणारा हा साधा माणूस, रूपानं सुमार, आणि बायको शोभा देखणी. लग्न झाल्या दिवसापासून त्याला एकच किडा पोखरतोय, की ही माझ्यासारख्यावर प्रेम करेलच कशी? साप्ताहिकात मनाचे सल्ले देणाऱ्या गृहस्थांना तो पत्रं पाठवतो. बायकोला हसवायला मासिकातले विनोद पाठ करतो आणि सांगताना ते फसतात. लग्नानंतर फोटो काढायला स्टुडिओत जातात तो प्रसंग विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे. जगती श्रीकुमार यांनी केलेला फोटोग्राफर परोपरीनं सांगतोय, हनुवटी अशी, मान तशी, जरा हसा. दिनेशनला हसता येत नाही. हसायचा प्रयत्न केला की चेहरा जास्तच बिघडतो. लोक पोट धरून हसतात. पण कॅमेऱ्यासमोर बसून आपला चेहरा आपल्यालाच नकोसा वाटणं, हा अनुभव ज्यानं घेतला आहे त्याला त्या प्रसंगात काय चाललंय ते समजतं. संशय वाढत जातो, संसार मोडकळीला येतो, प्रकरण वेड्यांच्या इस्पितळापर्यंत जातं. बरा होऊन घरी आल्यावरही रात्री जरा चाहूल लागली की दिनेशनची सुई परत उत्तरेकडे वळते.

संशयी नवऱ्यावरचा हा सिनेमा बाहेरून लिहिला असता तर एक उपदेशपर कथा झाली असती. इथे लेखकानं स्वतःचा रंग, स्वतःची उंची, स्वतःचं नाक त्या माणसाला दिलं. तो पुरुष तिरस्कार करण्याइतका परका राहत नाही. पाहणाऱ्या पुरुषाला आपल्यातला दिनेशन चाचपून बघावा लागतो. मी तरी बघितला, आणि ते सुखाचं नव्हतं.

आता एक आक्षेप घ्यायला हवा, आणि तो मला खोटा वाटत नाही. काळ्या रंगावरची, बुटकेपणावरची थट्टा श्रीनिवासन यांनी स्वतःच्या अंगावर घेतली हे खरं. पण पडद्यावरचा विनोद पडद्यावर राहत नाही. तो शाळेच्या वर्गात जातो, लग्नाच्या बैठकीत जातो. तिथे ज्या सावळ्या मुलाला त्या नावानं हाक मारली जाते त्यानं कुठे परवानगी दिलेली असते? एका माणसानं स्वतःच्या नावावर घेतलेलं कर्ज हजार जणांनी फेडायचं, असं काहीसं होतं. आज मल्याळम चित्रपटांत रंगावरच्या या विनोदांकडे तरुण प्रेक्षक नाखुशीनं बघतात, आणि ते बरोबर आहे. माझ्या म्हणण्याला यामुळे एक मर्यादा पडते, ती मी मान्य करतो. स्वतःला पिंजऱ्यात उभं केलं म्हणजे सगळं माफ होत नाही. तेवढ्यानं बोलायची परवानगी मिळते, बोलणं निर्दोष ठरत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर त्यांचंच लेखन त्यांच्याविरुद्ध साक्ष देतं. १९९० च्या 'तलयणमंत्रम'मध्ये, नावाचा अर्थ उशीवरचा मंत्र, बायको रात्री नवऱ्याचे कान भरते, एकत्र घर फोडते, कॉलनीत राहायला जाऊन शेजाऱ्यांची बरोबरी करायच्या नादात कर्जात बुडवते. ऊर्वशींनी ती कांचना अशी उभी केली की त्यांना राज्य पुरस्कार मिळाला. नवऱ्याच्या भूमिकेत श्रीनिवासनच, पण हा नवरा पिंजऱ्यात नाही, तो साक्षीदार आहे. बिचारा, बायकोमुळे बुडालेला. घर फुटलं की सुनेकडे बोट दाखवायची ही जुनी सवय मराठी घरांना अनोळखी नाही. कांचनाला एकत्र कुटुंबातून बाहेर का पडावंसं वाटलं, तिथे तिच्या वाट्याला नेमकं काय होतं, हे विचारायची तसदी पटकथा घेत नाही. विनोद तिथेही भरपूर आहे, पण तो वरून खाली पडणारा आहे.

आणि आठ वर्षांनी याच माणसानं 'चिंताविष्टयाय श्यामला' लिहिला, दिग्दर्शित केला आणि नवऱ्याला पुन्हा पिंजऱ्यात आणलं. या चित्रपटाला सामाजिक विषयावरचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नावातच खूण आहे. मल्याळम कवी कुमारन आशान यांनी १९१९ साली 'चिंताविष्टयाय सीता' ही कविता लिहिली होती. वाल्मीकींच्या आश्रमात बसलेली सीता रामानं आपल्याशी काय केलं याचा विचार करते, अशी. इथला विजयन मास्तर नोकरी धड करत नाही, घर बायकोवर टाकून मोठा सिनेमावाला व्हायची स्वप्नं बघतो. सुधारावा म्हणून घरची माणसं त्याला शबरीमलैला पाठवतात, तर तो भक्तीतच बुडून संसाराकडे पाठ फिरवतो. कुटुंबाची जबाबदारी टाळायला त्याला आधी कला सापडते आणि मग देव. श्यामला मुलींना घेऊन स्वतःच्या पायावर उभी राहते. नवरा परत येतो तेव्हा ती हात जोडून स्वागत करत नाही. आपल्याकडेही बैराग्याचं, वारकऱ्याचं, समाजसेवकाचं कौतुक करताना त्याच्या मागे घर कोण चालवत होतं हे विचारलं जात नाही. म्हणून हा चित्रपट मराठी घरांतही बघितला जावा असं मला फार वाटतं.

त्यांचं लिखाण मराठी प्रेक्षकांपर्यंत नकळत पोचलेलंही आहे. अक्षय कुमारचा २०१० चा 'खट्टा मीठा' आठवत असेल. सचिन टिचकुले हा मराठी रस्ते कंत्राटदार, बंद पडलेला रोड रोलर, पालिकेतली टक्केवारी. तो प्रियदर्शन यांनीच आपल्या १९८८ च्या 'वेळ्ळानकळुडे नाडु'वरून केला होता, आणि त्याची मूळ पटकथा श्रीनिवासन यांची. खड्डे आणि कंत्राटं यांना भाषेची अडचण येत नाही.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे. २००७ चा 'कथा परयुम्बोळ'. खेड्यातला गरीब न्हावी बालन, श्रीनिवासन, आणि त्याचा शाळकरी मित्र जो आता सुपरस्टार झालाय, मम्मूटी. गावात शूटिंग येतं, सगळ्यांना बालनची ओळख हवी असते, आणि तो संकोचानं मित्राला भेटायलाच जात नाही. मित्र शेवटी भर सभेत त्याची आठवण काढून रडतो. ज्याच्याकडून ताळीसाठी पैसे घेतले त्या मित्राला दोन दशकांनी हे दृश्य लिहून देणं, यात किती काय आलं! हिंदीत याचा 'बिल्लू' झाला, इरफान आणि शाहरुख खान यांचा. मूळ नावात 'बार्बर' होतं. सलूनवाल्यांच्या संघटनेनं आक्षेप घेतला आणि तो शब्द काढला गेला.

त्या वेळी मला हा आक्षेप अतिरेकी वाटला होता. कथा तर न्हाव्याच्याच बाजूची होती. पण आता वाटतं, ज्या समाजाच्या व्यवसायाचं नाव पिढ्यान् पिढ्या हेटाळणीसाठी वापरलं गेलं, त्यानं पोस्टरवरचा शब्द बघून दचकणं समजण्यासारखं आहे. पोस्टर वाचणाऱ्याला आतली कथा माहीत नसते. मल्याळममध्ये लेखकानं कात्री-वस्तरा स्वतःच्या हातात घेतला होता आणि ते प्रेक्षकांना ठाऊक होतं. कोण बोलतंय हे माहीत असलं की तोच शब्द वेगळा ऐकू येतो. बंदी नको, पण दचकणाऱ्याची टवाळीही नको. निर्मात्यांनी शब्द काढला, चित्रपट लागला, कुणाचं काही बिघडलं नाही.

पुन्हा 'संदेशम'कडे येतो, कारण खरा वाद तिथे आहे. केरळात या चित्रपटावर जुना आरोप आहे की तो तरुणांना अराजकीय बनवतो. पुढच्या पिढीतले नावाजलेले पटकथाकार श्याम पुष्करन यांनीही त्याच्या संदेशाबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली. आरोप कुठून येतो ते शेवट पाहिल्यावर कळतं. तिलकन यांनी केलेला बाप, निवृत्त स्टेशन मास्तर, दोन्ही मुलांना घराबाहेर काढतो. राजकारण चांगलंच आहे, पण चांगल्या माणसांनी केलं तर. आधी स्वतः सुधारा, मग घर, मग देश, असं त्याचं म्हणणं. भाऊ वठणीवर येतात. आणि शेवटी धाकटं भावंड शाळेतल्या राजकारणाचा झेंडा घेऊन घरी येतं तेव्हा त्याला सांगितलं जातं, आधी अभ्यास कर.

दोन तास हा चित्रपट मला पूर्ण पटतो आणि शेवटची काही मिनिटं अजिबात पटत नाहीत. दोन तास लेखक प्रभाकरन होता, शेवटी तो बाप झाला. बाप होणं म्हणजे न्यायाधीश होणं. त्या मुलाच्या हातातला झेंडा काढून घेतल्यावर त्याच्या हातात काय राहतं, याचा विचार तिथे नाही.

महाराष्ट्रात हा प्रयोग आपण करून पाहिला आहे. कॉलेज निवडणुकांतल्या हिंसाचारानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या आणि गुणांवर प्रतिनिधी नेमले जायला लागले. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकांची तरतूद परत आली, पण कॉलेजांच्या आवारात त्या खऱ्या अर्थानं परतल्या नाहीत. म्हणजे तीन दशकांहून जास्त काळ आपण मुलांना 'आधी अभ्यास कर' म्हणतोय. यानं आपलं राजकारण स्वच्छ झालं का? तरुण पोरं राजकारणापासून लांब राहिली का? झालं असं की वर्गातून, वादसभेतून, मतपेटीतून राजकारणात यायचा रस्ता बंद झाला आणि साहेबांच्या वाढदिवसाच्या फलकावरून येणारा रस्ता उघडा राहिला. आमदारकी घराण्यात फिरते आणि बाहेरच्या पोराच्या वाट्याला दहीहंडीचा थर येतो. श्रीनिवासन यांना पोकळ राजकारणाचा राग होता, तो राग खरा होता. पण पोकळपणावर उपाय म्हणून त्यांनी मुलाला घरी बसवलं, आणि घरी बसलेल्या मुलांच्या राज्यात मी राहतो म्हणून मला तो उपाय मान्य नाही.

त्यांच्या लेखनाचा वापर बलवानांनीही करून घेतला. १९८९ च्या 'वरवेल्पु'मध्ये आखातातून परतलेला मुरली साठवलेल्या पैशांतून बस घेतो आणि कामगार संघटना, परवाने, संप यांत चिरडला जातो. स्वतःच्या वडिलांना बसच्या धंद्यात आलेला अनुभव त्यामागे आहे असं श्रीनिवासन सांगत. म्हणजे जखम घरची होती. पण २००३ मध्ये कोचीच्या गुंतवणूकदार मेळाव्यात पंतप्रधान वाजपेयींनी या चित्रपटाचा दाखला दिला, तेव्हा समोर बसलेले ऐकणारे बसमालक नव्हते, उद्योगपती होते. एका हरलेल्या माणसाची गोष्ट तिथे संघटनांविरुद्धचा पुरावा होऊन गेली. यात लेखकाचा दोष किती हे ठरवणं कठीण आहे. मला तरी तो थोडाच वाटतो.

उतारवयात मात्र त्यांचा हात कधीकधी सुटला. २००५ च्या 'उदयनाणु तारम'मधला मित्राची पटकथा चोरून सुपरस्टार झालेला सरोजकुमार झकास होता, कारण त्यात संपूर्ण धंद्याची लबाडी होती. २०१२ च्या त्याच्या पुढच्या भागात एका खऱ्याखुऱ्या बड्या नटावर नेम धरल्यासारखं अनेकांना वाटलं. भूमिका त्यांनीच केली होती, पण त्या भूमिकेत आता ते स्वतः नव्हते. चेहरा आपला असला म्हणजे आपणच पिंजऱ्यात आहोत असं होत नाही, हे त्या चित्रपटात दिसतं. त्यावर जास्त लिहावंसं वाटत नाही.

२० डिसेंबर २०२५ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी श्रीनिवासन गेले. त्यानंतरच्या आठवड्यात मी गावी गेलो होतो. माझे दोन चुलतभाऊ एकाच वाड्यात राहतात. २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा एक इकडे राहिला, एक तिकडे गेला. तेव्हापासून त्यांच्यात कामापुरतं बोलणं. काकू दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला वाढते. मी हट्टानं दोघांना ओसरीवर बसवलं आणि लॅपटॉपवर 'संदेशम' लावला, खाली इंग्रजी अक्षरं, जिथे अडेल तिथे मी मराठीत सांगत होतो. पहिला तासभर थोरला धाकट्या प्रकाशनवर हसत होता आणि धाकटा थोरल्या प्रभाकरनवर. काकू दारात उभी राहून दोघांकडे बघत होती. कुमार पिळ्ळैंचा प्रसंग आला तसा थोरला, म्हणजे दादा, गप्प झाला. फुटीनंतर महिनाभर गावाला तात्त्विक बाजू समजावून सांगण्यात त्याचा घसा बसला होता. त्यानं मला तो प्रसंग मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितला.

दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्यानं विचारलं, 'हे लिहिणारा कुठल्या पक्षाचा रे?'

मी म्हटलं, तो मोठा भाऊ दिसतोय ना, त्यानंच लिहिलंय. त्याचे वडील कम्युनिस्ट होते.

दादा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'मग हे आल्यावर घरी कसं रे झालं असेल?'